नवजात बालकाची जखम आणि आरोग्याचे अर्थकारण

अन्ननलिका जुळलेली नाही किंवा गुदद्वार नाही, असे मूल जन्मले की पहिल्या काही दिवसांतच त्याच्यावर शस्त्रक्रिया करावी लागते. ती यशस्वी होते, आई-बापांचा जीव भांड्यात पडतो. आणि काही दिवसांनी टाक्यांभोवती लाली येऊन पू दिसू लागतो. यावरील उपचारांत गूढ असे काही नाही. आवश्यक ते टाके सोडून पुवाला वाट द्यावयाची, त्याचा नमुना जंतुपरीक्षेस पाठवावयाचा, जखम निर्जंतुक सलाइनने धुवावयाची आणि वजनाच्या हिशेबाने प्रतिजैविक द्यावयाचे. मोठ्यांच्या जखमेस सर्रास लावले जाणारे आयोडिनचे द्रावणही येथे जपूनच वापरावे लागते; कारण ते कोवळ्या त्वचेतून शरीरात शोषले जाऊन थायरॉइड ग्रंथीचे कार्य मंदावू शकते.

खरा पेच प्रतिजैविक लागू पडेनासे झाले की निर्माण होतो. 2011 ते 2014 या काळात दिल्लीतील तीन रुग्णालयांत नवजात बालकांच्या जंतुदोषाची पाहणी झाली. तीत सर्वाधिक आढळलेल्या ॲसिनेटोबॅक्टर जंतूंपैकी 82 टक्के जंतू अनेक औषधांना दाद देत नव्हते. ही पाहणी केवळ जखमांची नव्हती, हे खरे. परंतु शस्त्रक्रिया झालेले मूल अशाच कक्षांत ठेवले जाते.

अनावश्यक प्रतिजैविकाची खरी किंमत ते घेणारा चुकवीत नाही, शेजारच्या खाटेवरील बालक चुकविते. अशा किमतीची नोंद बाजार ठेवीत नाही. ती शासनानेच ठेवावयाची असते. आजारी नवजातांना सरकारी रुग्णालयांत मोफत उपचार देण्याची योजना 2011 साली आली, हे स्वागतार्हच होते. तथापि औषधाचे बिल माफ झाले म्हणून जंतुसंसर्ग टळत नाही. तो टळतो धुतलेल्या हातांनी, नळाच्या पाण्याने आणि पुरेशा परिचारिकांनी. हात धुण्याचे महत्त्व व्हिएन्नात सेमेलवाइस यांनी 1847 सालीच दाखवून दिले होते.

यासाठी पैसा कोठून आणावयाचा, असा प्रश्न विचारला जाईल. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्यखर्च 2025 पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरविले होते. 2021-22 मध्ये तो 1.84 टक्केच होता. तेव्हा प्रश्न पैशाइतकाच अग्रक्रमाचाही आहे. परिचारिकांची रिक्त पदे भरणे आणि प्रत्येक रुग्णालयाने आपल्या जखमसंसर्गाचे प्रमाण मोजून जाहीर करणे, एवढ्यापासून तरी आरंभ व्हावा. ज्याचा हिशेब मागितला जात नाही, त्यात सुधारणाही होत नाही.