आकडा जुळला नाही म्हणजे चोरी झाली का? जीएसटीच्या नोटिसा आणि कोर्टाचं म्हणणं

माळशिरस : अकलूज, नातेपुते, वेळापूर किंवा पिलीवच्या बाजारपेठेत कृषी सेवा केंद्र, हार्डवेअर किंवा मोबाईलचं दुकान चालवणाऱ्याला आता दोन हिशोब सांभाळावे लागतात. एक गल्ल्यातला आणि दुसरा संगणकातला. हे दोन हिशोब एकमेकांशी जुळले नाहीत की नोटीस येते. ‘तुमची उलाढाल इथे इतकी दिसते, तिथे तितकी दिसते, फरकावर कर, व्याज आणि दंड भरा,’ असा तिचा मतलब असतो. नोटीस हातात पडली की माणूस गांगरून जातो. एवढी रक्कम खरोखर देणं आहे का, हा प्रश्न नंतर सुचतो. देशातल्या न्यायालयांनी मात्र तो अनेकदा विचारला आहे आणि त्याची उत्तरं गावातल्या दुकानदाराच्याही कामाची आहेत.

फरक पडतो कुठे?

जीएसटीआर-१ मध्ये विक्रीची बिलं दाखवतात, तर जीएसटीआर-३बी मध्ये प्रत्यक्ष कर भरतात. मार्चची काही बिलं एकात आली आणि दुसऱ्यात एप्रिलला गेली की फरक पडतो. समजा, एका दुकानाची विक्री पहिल्या पत्रकात ४२ लाख आणि दुसऱ्यात ३६ लाख दिसली. फरक ६ लाखांचा. हा माल ५ टक्के कराचं खत असेल तर कर होतो ३० हजार. १८ टक्क्यांचा माल धरला तर १ लाख ८ हजार. म्हणजे नुसता फरक किती हे बघून भागत नाही, तो कोणत्या मालाचा आहे हेही बघावं लागतं.

दुसरा घोळ आयकराच्या २६एएस मुळे होतो. ऊस तोडणी-वाहतूक ठेकेदाराला कारखान्याकडून मिळालेल्या रकमेवर टीडीएस कापला की ती रक्कम तिथे दिसते. पण तिथे दिसणारा प्रत्येक रुपया जीएसटीच्या उलाढालीत येतोच असं नाही. काही रक्कम ॲडव्हान्सची, काही मागच्या हंगामाची, तर काही करमाफ कामाचीही असू शकते. सेवाकराच्या काळात अशाच फरकावरून सरसकट नोटिसा निघाल्या होत्या. शेवटी केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळालाच २६ ऑक्टोबर २०२१ रोजी अधिकाऱ्यांना सांगावं लागलं, की आधी खातरजमा करा, नुसत्या फरकावर सरसकट नोटिसा काढू नका.

कोर्ट काय म्हणतं?

हा वाद जीएसटीपेक्षा कितीतरी जुना आहे. १९७६ साली गिरधारीलाल नन्नेलाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे विक्रीकराचा मामला होता. वहीत एक जमा रक्कम होती आणि तिचा खुलासा पटण्यासारखा नव्हता. न्यायालय म्हणालं, आयकरासाठी ती रक्कम उत्पन्न धरता येईल, पण तेवढ्यावरून ती लपवलेली विक्री ठरत नाही. विक्रीकर लावायचा तर त्या पैशाचा विक्रीशी संबंध दाखवावा लागेल.

पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, केरळच्या शादुली युसूफ प्रकरणाचा निकाल लागला. घाऊक व्यापाऱ्यांच्या वहीत या दुकानदाराला माल विकल्याची नोंद होती, पण दुकानदाराच्या वहीत ती नव्हती. आज संगणक जे पकडतो तेच तेव्हा कागदावर पकडलं गेलं. न्यायालयाने सांगितलं, दुसऱ्याच्या वहीवरून कर लावणार असाल तर त्या व्यापाऱ्याची उलटतपासणी करायची संधी दुकानदाराला द्या. दुसऱ्याची वही खोटीही असू शकते.

याला दुसरी बाजूही आहे. १९७३ च्या इसुफली प्रकरणात व्यापाऱ्याकडे वहीबाहेरच्या विक्रीचं बिलबुक सापडलं. १९ दिवसांत ३१ हजारांवर विक्री. त्यावरून अधिकाऱ्याने वर्षभराच्या विक्रीचा अंदाज काढला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. चोरी उघड झालेल्या माणसाने ‘नेमका आकडा सिद्ध करा’ म्हणायचं नाही, असा त्याचा अर्थ.

अलीकडचे निकाल थेट जीएसटीचे आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये स्टार इंजिनिअर्स प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने पत्रकातली प्रामाणिक चूक दुरुस्त करू दिली. मुदत गेली होती, पण सरकारचा महसूल बुडत नव्हता. ॲबरडेअर टेक्नॉलॉजीज प्रकरणातही उच्च न्यायालयाने तशीच दुरुस्ती करू दिली. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, पण २१ मार्च २०२५ रोजी तिथेही सरकारची याचिका फेटाळली गेली. चुका माणसाकडून होतात, खात्याकडूनही होतात. सॉफ्टवेअर दुरुस्ती घेत नाही हे कारण चालणार नाही, असं न्यायालयाने सुनावलं.

नोटीस आल्यावर

कोर्टाने कर माफ केला, असा याचा अर्थ कुणी काढू नये. नोटीस ही आधी विचारणा असते आणि उत्तर देण्याचा हक्क दुकानदाराला आहे, एवढं कोर्टाने पक्कं केलं आहे. उत्तरच दिलं नाही तर हा हक्क वाया जातो. कायद्याच्या कलम ७५(४) प्रमाणे विरोधात निर्णय होणार असेल तर सुनावणी देणं अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे.

पत्रक १ आणि ३बी मधल्या फरकाची सूचना डीआरसी-०१बी नमुन्यात येते आणि तिला ७ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. छाननीची नोटीस एएसएमटी-१० नमुन्यात येते. आदेश निघाला तर अपिलाला ३ महिने मिळतात आणि सबळ कारण असेल तर आणखी १ महिना. अपील करताना वादातल्या कराच्या १० टक्के आधी भरावे लागतात. साध्या चुकीला दंड कराच्या १० टक्के किंवा १० हजार, यातला जास्त असेल तो. फसवणूक ठरली तर कराएवढाच दंड. म्हणून ‘चूक की फसवणूक’ हा मुद्दा उत्तरात स्पष्ट मांडायला हवा.

गावाकडची खरी अडचण वेगळीच आहे. नोंदणीला मोबाईल नंबर आणि ईमेल बऱ्याचदा हिशोब लिहिणाऱ्याचा दिलेला असतो. नोटीस त्याच्याकडे जाते, तो कामाच्या गडबडीत असतो आणि मालकाला कळतं ते थेट बँक खातं गोठल्यावर. आपला स्वतःचा नंबर टाकून घेणं आणि महिन्यातून एकदा पोर्टल उघडून बघणं, एवढं तरी प्रत्येकाने करावं.

शेतकऱ्याला काय?

स्वतःच्या शेतात पिकवलेला माल विकणाऱ्या शेतकऱ्याला त्यासाठी जीएसटी नोंदणी लागत नाही. उसाचं बिल खात्यावर आलं म्हणून घाबरायचं कारण नाही. पण शेतीबरोबर दुकान असेल, तर एकाच खात्यावर दोन्हीचे पैसे घेणं अंगाशी येऊ शकतं. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या जमा रकमांवरून छोट्या दुकानदारांना नोटिसा गेल्या. गदारोळ झाल्यावर जुनी थकबाकी वसूल करणार नाही, असं मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी जाहीर केलं. आपल्याकडे माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाख आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांपर्यंत साधारणपणे नोंदणी लागत नाही. मात्र खात्यात आलेल्या पैशात उसाचे किती, उसनवारीचे किती आणि विक्रीचे किती, हे दाखवता आलं पाहिजे.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण वेळ आलीच तर १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आहे. तरी ३० हजारांच्या वादासाठी कोल्हापूरचे हेलपाटे परवडत नाहीत. वकिलाची फीच त्याच्या वर जाते. म्हणून हे निकाल खालच्या कार्यालयातच पाळले जाणं गरजेचं आहे. अधिकाऱ्याने फरक दिसला की आधी विचारावं, दुकानदाराने बिलं, बँक उतारा आणि दोन्ही पत्रकांचा ताळमेळ मुदतीत पुढे ठेवावा. यातली निम्मी प्रकरणं तरी तिथेच मिटायला हरकत नाही.