यंत्राचे साहाय्य: संदर्भ की निवेदन?

चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वांसाठी खुले झाल्यापासून, विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सलग गद्यात रचून देणारी अशी साधने अहिल्यानगर जिल्ह्यातील विद्यार्थ्याच्याही हाताशी आली आहेत, मग तो संगमनेरच्या महाविद्यालयात प्रकल्प लिहीत असो वा राहुरीच्या कृषी विद्यापीठात प्रबंध. या साहाय्याची नोंद कशी करावी याविषयी जी मते मांडली जातात, त्यांपैकी सर्वांत सोयीचे मत असे की, शब्दकोश किंवा गणकयंत्र वापरल्याचे कोणी लिहीत नाही, तेव्हा हेही लिहिण्याचे कारण नाही. हे मत टिकत नाही. कारण शब्दकोश शब्द पुरवतो, पण वाक्य, युक्तिवाद आणि निष्कर्ष यांची रचना करत नाही, आणि पदवी दिली जाते ती नेमकी त्या रचनेसाठी.

दुसरा पक्ष प्रामाणिक आहे, म्हणूनच त्याचे खंडन अधिक काळजीपूर्वक केले पाहिजे. तो म्हणतो की, साधनाचे नाव ग्रंथांप्रमाणेच संदर्भसूचीत घालावे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२३ मध्ये साधन तयार करणाऱ्या कंपनीला लेखक मानून असा निर्देश करण्याची रीत सुचवली, तर त्याच वर्षी मॉडर्न लँग्वेज असोसिएशनने साधनाला लेखक मानू नये असे सांगितले. परंतु संदर्भनिर्देश म्हणजे केवळ सौजन्य नव्हे; वाचकाने त्या जागी जाऊन विधान पडताळून पाहावे यासाठी दिलेली ती वाट असते. यंत्राचे उत्तर त्याच प्रश्नाला दुसऱ्या दिवशी वेगळे येऊ शकते, आणि अस्तित्वात नसलेले ग्रंथ व निकाल ते खऱ्यासारखे सांगते. न्यूयॉर्कच्या न्यायालयात असे बनावट निकाल सादर करणाऱ्या वकिलांना जून २०२३ मध्ये ५,००० डॉलर दंड झाला. दुष्काळी पाणलोटाविषयीचे एखादे विधान यंत्राच्या नावावर टाकणे म्हणजे ते निराधार ठेवणे होय. त्याचा आधार मूळ अहवालातच शोधला पाहिजे, आणि तो सापडत नसेल तर विधान गाळले पाहिजे.

मग यंत्राचे नाव कोठे यावे? या प्रश्नाला या जिल्ह्यातच जुने उत्तर आहे. नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत व्यास आणि भाष्यकार यांचा उल्लेख अर्थाचा आधार म्हणून येतो, तर रूढ पाठाच्या शेवटी सच्चिदानंदबाबांचे नाव लेखक, म्हणजे लिहून घेणारे, म्हणून येते. ज्याच्याकडून अर्थ घेतला तो आणि ज्याचा हात लेखनाला लागला तो, या दोहोंचीही नोंद आहे, पण दोघांच्या जागा वेगळ्या आहेत. पुढे शके १५०६ मध्ये एकनाथांनी त्या ग्रंथाचा पाठ शुद्ध केला, तेव्हा आपण काय केले आणि केव्हा केले हे त्यांनी लिहून ठेवले. नगरच्या किल्ल्यात १९४४ मध्ये ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिणाऱ्या नेहरूंनी आझाद, पंत, नरेंद्र देव आणि असफ अली या सहबंदींचे ऋण मान्य केले, तेही प्रस्तावनेत. यंत्राचे नावही तसेच संदर्भसूचीत नव्हे, तर वेगळ्या निवेदनात यावे. सच्चिदानंदबाबा सांगितलेले लिहीत होते आणि यंत्र न सांगितलेलेही लिहिते, हा आक्षेप खरा आहे. पण त्यामुळे निवेदनाची गरज कमी होत नाही, उलट ते अधिक तपशीलवार असावे लागते.

तिसरा पक्ष संपूर्ण बंदीचा. पण बंदी मोडली की नाही हे तपासायचे कशाने? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविरोधी विनियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही आणि त्यापुढे साम्याच्या प्रमाणात कारवाई आहे. परंतु ही मोजणी आधीच उपलब्ध असलेल्या मजकुराशी केली जाते, आणि यंत्राने नव्याने जुळवलेला मजकूर तीतून सहज निसटतो. यंत्रलेखन ओळखणारी साधने तर विश्वासार्ह नाहीतच: ओपनएआयने आपले असे साधन कमी अचूकतेमुळे जुलै २०२३ मध्ये मागे घेतले, आणि त्याच वर्षीच्या एका अमेरिकी अभ्यासात, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांच्या निम्म्याहून अधिक निबंधांना अशा साधनांनी यंत्रलिखित ठरवले. मराठी माध्यमातून आलेल्या पाथर्डी-जामखेडच्या मुलाने कष्टाने लिहिलेले साधे इंग्रजी अशा तपासणीत गुन्हा ठरू शकते, हा अन्याय कोणत्याही शिस्तीच्या नावाखाली सहन करण्याजोगा नाही.

२०१८ च्या विनियमांनुसार विद्यार्थी मौलिकतेचे प्रतिज्ञापत्र देतोच. त्यालाच जोडून साधनाचे नाव व आवृत्ती, वापराचा काळ, ते भाषाशुद्धीसाठी वापरले, भाषांतरासाठी वापरले की मांडणीसाठी, आणि त्यातील कोणती विधाने कोणत्या मूळ संदर्भावरून पडताळली, एवढे निवेदन मागावे. यंत्राचे उत्तर हाच अभ्यासाचा विषय असेल, तर मात्र प्रश्न आणि उत्तर परिशिष्टात जसेच्या तसे छापून त्याचा संदर्भ द्यावा. असे निवेदन देणाऱ्याचे गुण केवळ त्या कारणाने कापू नयेत आणि मार्गदर्शकाने तोंडी परीक्षेत त्यावरच प्रश्न विचारावेत. कारण खरे लिहिणाऱ्याला शिक्षा होते असे दिसले, तर पुढच्या वर्षी ती जागा सर्वजण कोरी सोडतील.