कागद कोणाच्या नावे?



दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताल प्रांताच्या उत्तर टोकाला, लेबोम्बो डोंगरावर इंग्वावुमा हे गाव आहे. माणसं झुलू बोलणारी. पश्चिमेला पूर्वीचा स्वाझीलँड, म्हणजे आजचा इस्वातिनी, उत्तरेला मोझांबिक. १९८२ मध्ये तिथल्या वर्णभेदी सरकारनं हा सगळा मुलूख माणसांसकट स्वाझीलँडला देऊन टाकायचं ठरवलं. माणसांना कुणी विचारलं नाही. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९८४ पर्यंत तो बेत बारगळला.

एका देशानं आपल्याला न विचारता दुसऱ्याला देऊन टाकावं, याचा धक्का त्या मुलखाला बसला. तिथल्या बायकांना मात्र हे नवं नव्हतं. १८९१ च्या नाताल संहितेनं झुलू स्त्रीला कायमची अज्ञान ठरवलं होतं. आधी बापाच्या, मग नवऱ्याच्या ताब्यातली. रूढीनुसार झालेल्या लग्नात बायकोला समान दर्जा देणारा कायदा १९९८ मध्ये झाला. तरीही या प्रांतात जुन्या लग्नांतली मालमत्ता नवऱ्याचीच मानली जाई. ते कलम संविधान न्यायालयानं २००८ मध्ये रद्द केलं. आणि तेही एका बाईनं दाद मागितली म्हणून.

जमिनीची गोष्ट याहून अवघड. १९९४ च्या निवडणुकीच्या तोंडावर सुमारे २८ लाख हेक्टर जमीन इंगोन्यामा ट्रस्टकडे गेली. एकमेव विश्वस्त झुलू राजा. पिढ्यान्‌पिढ्या वहिवाट असलेल्या लोकांकडून ट्रस्टनं २००७ नंतर भाडेपट्टे करून घेतले. म्हणजे स्वतःच्याच अंगणाचं भाडं, तेही दर वर्षी दहा टक्क्यांनी वाढणारं! बाईला तर सहीसाठी पुरुष आणायला सांगितलं जाई. ग्रामीण स्त्रियांची संघटना आणि काही रहिवासी कोर्टात गेले. जून २०२१ मध्ये पीटरमारित्झबर्गच्या उच्च न्यायालयानं हे भाडेपट्टे बेकायदा ठरवले आणि घेतलेले पैसे परत करायला सांगितलं.

निकाल मोठा आहे. पण निकालानं पाण्याचा हंडा डोक्यावरून उतरत नाही. इंग्वावुमाच्या दक्षिणेला जोझिनीचं प्रचंड धरण १९७३ पासून उभं आहे, तरी भोवतालच्या अनेक वस्त्यांत बायका आजही नदी, बोअर किंवा टँकरकडेच बघतात. पुरुष कामासाठी शहरांत आणि खाणींत. घर, शेत, म्हातारी माणसं, मुलं बाईच्या अंगावर. १९९८ मध्ये महिना शंभर रँडपासून सुरू झालेलं बालसंगोपन अनुदान हा अनेक घरांचा आधार. पण सोयरीक हद्दीच्या दोन्ही बाजूंना. आईकडेच ओळखपत्र नसेल तर मुलाचा जन्मदाखला अडतो आणि मग अनुदानही.

म्हणून वाटतं, जमीन आणि सोयीसुविधा ही दोन वेगळी आंदोलनं नाहीत. जिच्या नावे कागद नाही, ती प्रत्येक खिडकीसमोर कुणाची तरी बायको, कुणाची तरी आई म्हणूनच उभी राहते. नागरिक म्हणून नाही. सातबाऱ्यावर बाईचं नाव लागावं म्हणून गावोगाव फिरलेल्या आपल्या कार्यकर्त्यांना हे वेगळं सांगायला नको.

कायदा बदलायला एक खटला पुरतो. कागद बाईच्या हातात पडेपर्यंत मात्र तिच्याबरोबर कचेरीत कुणीतरी जावं लागतं, पुनःपुन्हा जावं लागतं. संघटनेचं खरं काम तिथे सुरू होतं.