तपकिरी रंगाची साक्ष

शब्द फसवे असू शकतात, हे साहित्याच्या अभ्यासकाला वेगळे सांगावे लागत नाही. शास्त्रीय निबंधातील छायाचित्रासमोर मात्र हाच अभ्यासक निःशंक होतो. डोळ्यांना दिसणारा रंग खोटे कसे बोलेल, अशी त्याची धारणा असते. ही धारणा तपासून पाहण्याजोगी आहे.

ग्लुटाथायोन एस-ट्रान्सफरेज हे निर्विषीकरण करणाऱ्या विकरांचे एक मोठे घराणे. उंदराच्या यकृतातील या विकराची नोंद बूथ, बॉयलंड आणि सिम्स यांनी १९६१ मध्ये केली. घातक रेणूला ग्लुटाथायोनची जोड देऊन तो शरीराबाहेर टाकण्याजोगा करणे, हे त्याचे कार्य. ऊतीत ते नेमके कोठे आहे हे पाहण्यासाठी प्रतिपिंडाचा आधार घेतात. सशाला हे प्रथिन टोचले की त्याच्या रक्तात त्याला ओळखणारी प्रतिपिंडे निर्माण होतात. ती ऊतीच्या पातळ कापावर सोडायची. त्यांना चिकटणारे, पेरॉक्सिडेज जोडलेले दुसरे प्रतिपिंड वर सोडायचे. मग योग्य रसायन घातले की तपकिरी रंग उमटतो. म्हणजे आपण विकर पाहतच नाही. ‘ते येथे आहे’ असे सांगणाऱ्या साक्षीदाराची खूण तेवढी पाहतो.

हा साक्षीदार चुकू शकतो. या घराण्याच्या म्यू शाखेतील एम१ आणि एम२ ही भावंडे रचनेने इतकी सारखी आहेत, की एकाचे प्रतिपिंड दुसऱ्यालाही चिकटू शकते. सुदैवाने येथे निसर्गानेच कसोटी पुरवली आहे. युरोपीय वंशाच्या सुमारे निम्म्या लोकांत एम१चे जनुकच नसते. अशा व्यक्तीच्या यकृताचा कापही ‘एम१’च्या प्रतिपिंडाने तपकिरी झाला, तर साक्ष खोटी ठरली.

ही शंका अनाठायी नव्हे. मेंदूविज्ञानाशी संबंधित ६५ प्रथिनांसाठी बाजारात मिळणारी ६१४ प्रतिपिंडे एका अभ्यासगटाने तपासली. संबंधित जनुक काढून टाकलेल्या पेशी तुलनेसाठी घेतल्या होत्या. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार निम्म्याहून अधिक प्रतिपिंडे एका तरी उपयोगात अपयशी ठरली. ती प्रथिने वेगळी असली, तरी बाजार तोच आहे.

प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगात याच घराण्यातील पाय शाखेचे विकर बहुधा लोप पावते, हे १९९४ मध्ये दाखवले गेले. तेथे रंग न उमटणे हीच माहिती असते. भलत्याच प्रथिनाला चिकटणारे प्रतिपिंड ही माहितीच झाकून टाकील.

ऊतीचे नमुने दुर्मिळ असतात, पैसा अपुरा असतो, मग प्रत्येकाने ही कसोटी कशी घ्यावी, असा आक्षेप घेतला जाईल. तो अगदीच गैर नाही. परंतु न पारखलेल्या प्रतिपिंडावर वर्षानुवर्षे संशोधन करणे त्याहून महाग पडते; शिवाय दुर्मिळ नमुना वाया जातो तो निराळाच.

पाठचिकित्सा करणारा संपादक कोणती पोथी, कोणता पाठ, हे सांगितल्यावाचून पुढे जात नाही. शास्त्रीय नियतकालिकांच्या संपादकांनीही तोच दंडक पाळावा, असे आमचे मत आहे. प्रतिपिंडाचा क्रमांक आणि त्याची खेप निबंधात नोंदवलेली असावी. आणि तपकिरी कापाशेजारी विकर नसलेल्या ऊतीचा कोरा कापही छापलेला असावा. त्या कोऱ्या कापावाचून तपकिरी रंगाला पुरावा म्हणता येणार नाही.