तालुक्याच्या वार्ताहराला एकटं पाडू नका

अमेरिकेत लॉस एंजेलिसला लागून बेल नावाचं छोटं शहर आहे. वस्ती कष्टकऱ्यांची. २०१० साली तिथल्या लोकांना कळलं की आपल्या पालिकेचा मुख्य अधिकारी वर्षाला जवळजवळ आठ लाख डॉलर पगार उचलतो. राष्ट्राध्यक्षाच्या जवळपास दुप्पट! घरपट्टीचा दर तर श्रीमंत बेव्हर्ली हिल्सपेक्षाही चढा. हे इतकी वर्षं खपलं कसं? पालिकेच्या सभेला जाऊन बसणारा बातमीदारच उरला नव्हता. शेवटी 'लॉस एंजेलिस टाइम्स'ने बिंग फोडलं आणि तो अधिकारी तुरुंगात गेला. तोवर पोटाला चिमटा काढून लोकांनी पट्टी भरलीच होती.

आता सांगा, तुमच्या पालिकेच्या मागच्या सभेत काय ठरलं? पाण्याचा ठेका कुणाला मिळाला? ठाऊक नसेल तर आजच हालचाल करा. तुमच्या तालुक्याची बातमी देणारं एक तरी वर्तमानपत्र वर्गणी भरून घरी लावा. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या फुकट पीडीएफवर भागवू नका. त्यातून वार्ताहराच्या हाती एक पैसाही पडत नाही.

पेपर नुसता मरतो असं नाही, कधी मारलाही जातो. हंगेरीत 'नेपसाबादशाग' हे विरोधी सुराचं मोठं दैनिक ८ ऑक्टोबर २०१६ ला अचानक बंद झालं. दोनच वर्षांत चारशेहून जास्त वर्तमानपत्रं, वाहिन्या, संकेतस्थळं सरकारधार्जिण्या एकाच संस्थेच्या छत्राखाली गेली. खेड्यातल्या माणसाने पेपर कुठलाही उघडावा, सूर तोच.

उलट नॉर्वे बघा. १९६९ पासून तिथे सरकारी तिजोरीतून छोट्या, स्थानिक पेपरांना मदत मिळते. सरकारच्या पैशावर जगून सरकारलाच जाब विचारायचा! आपल्याकडे हे ऐकून हसू येईल. तिथे ते चालतं, कारण मदत नियमाने मिळते, कुणाच्या मर्जीने नाही.

आपल्याकडे काय होतं? वार्ताहराच्या गळ्यात जाहिरातींचं टार्गेट. ज्या नेत्याच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात आणायची, त्याच्याच ठेक्याची बातमी त्याने कोणत्या तोंडाने द्यावी? २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात पैसे मोजून बातम्या छापल्या गेल्या, हे पत्रकार पी. साईनाथ यांनी उघड केलं. मतदार त्यांना खऱ्या बातम्या समजून वाचत होते.

तुम्ही तसं वाचू नका. एकाच उमेदवाराची तीच स्तुती, त्याच शब्दांत, दोन पेपरांत दिसली तर दोन्ही कात्रणं ठेवा. लोकसभा-विधानसभेच्या वेळी जिल्ह्यात माध्यम प्रमाणीकरण व सनियंत्रण समिती असते. तिच्याकडे लेखी तक्रार करा, पोच घ्या. शेजाऱ्यालाही सही करायला सांगा.

आणि जो खरं लिहितो त्याच्या पाठीशी उभे राहा. राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे आठवा. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथल्या रिफायनरीच्या वादाशी संबंधित त्यांची बातमी छापून आली आणि त्याच दिवशी गाडीने त्यांना चिरडलं. पुढे खुनाचा गुन्हा दाखल झाला. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध आपल्या राज्यात कायदा आहे, पण तो कागदावरून उतरायला गावाचं पाठबळ लागतं. धमकी आल्याचं कळलं तर वार्ताहराला एकट्याला ठाण्यात जाऊ देऊ नका. दहा जण सोबत जा.

तुमच्या मुलांच्या शाळेचं गळकं छप्पर, आईच्या औषधासाठी सरकारी दवाखान्यातली रांग, नळाचं गढूळ पाणी, हे मुंबईच्या स्टुडिओतल्या रात्रीच्या आरडाओरड्यात येणार नाही. ते तालुक्याच्या पानावरच येईल, तेही ते पान राहिलं तर.

तेव्हा येत्या सर्वसाधारण सभेची तारीख आजच विचारून घ्या. जमलं तर स्वतः जा. सभेचा वृत्तांत दुसऱ्या दिवशी छापून आला नाही तर संपादकांना फोन करून विचारा, का नाही आला? आला असेल तरीही फोन करा. शिव्या द्यायला त्यांना पुष्कळ जण फोन करतात.