बांधाची नाडी

उजनीचे पाणी उसास केव्हा मिळेल, याची चौकशी आमचे शेतकरी बंधू नित्य करितात. ते पाणी अडवून धरणाऱ्या बांधाच्या प्रकृतीची मात्र क्वचितच. मातीच्या बांधास पाझर असावयाचाच. तो मर्यादेत आहे की वाढत आहे, हाच प्रश्न होय. तो कळावा म्हणून बांधाच्या पोटात पिझोमीटर नावाची दाबमापके पुरतात. तारेच्या जातीच्या दाबमापकात पाण्याचा दाब वाढला की ताणलेली तार सैल पडते व तिचा सूर उतरतो. वर आणलेल्या केबलीस हाती नेण्याजोगे वाचनयंत्र जोडले म्हणजे ते तार छेडून तिची कंपने मोजते.

परंतु यंत्र पेटीतच राहिले तर पुरलेली तार मुकी होय. एकट्या आकड्यास अर्थ थोडा. तलावाच्या पातळीशेजारी मांडलेली आकड्यांची ओळच धोका आगाऊ सुचविते. १९६१ साली पानशेत व २०१९ साली तिवरे, हे मातीचे दोन्ही बांध जुलै महिन्यातच फुटले, हे विसरून चालणार नाही.

२०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने मोठ्या धरणांच्या मालकांवर अशा नोंदींचे बंधन घातले आहे. आमची मागणी इतकीच की, पावसाळ्यात त्या नोंदी दर आठवड्यास पाणीवापर संस्थांपुढे वाचल्या जाव्यात. लोकांस आकडे कळणार नाहीत, असा आक्षेप निघेल. पण ज्यास विहिरीची पातळी व उसाचा वजनकाटा कळतो, त्यास हेही कळेल. पाणी आमचे, तसा धोकाही आमचाच आहे.