मनगटावरचा दिवा कुणासाठी?

हृदयविकार हा केवळ सुखवस्तू नागरी जीवनाचा शाप आहे, हा समज आता सोडून द्यायला हवा. दारिद्र्याचाही एक हृदयविकार असतो. बालपणी घशाला झालेल्या जंतुसंसर्गाकडे दुर्लक्ष झाले, तर काही मुलांना संधिवाताचा ज्वर जडतो आणि पुढे हृदयाच्या झडपा बिघडत जातात. झडप अरुंद झाली की नाडीची लय चुकू लागते, हृदयात रक्ताची गुठळी धरते आणि ऐन उमेदीत पक्षाघात ओढवू शकतो. ही चुकलेली लय टिपणे आज मनगटी पट्ट्यातील एका इवल्या दिव्याला साधले आहे. प्रश्न एवढाच, की हा दिवा कुणाच्या मनगटासाठी घडवला जात आहे?

त्याचे तत्त्व सोपे आहे. त्वचेवर टाकलेला हिरवा प्रकाश रक्त शोषून घेते. प्रत्येक ठोक्यासरशी रक्त वाढते आणि परतणारा प्रकाश किंचित घटतो. या चढउतारांतून दोन ठोक्यांमधील अंतर कळते. खरी कसोटी आहे ती विजेच्या काटकसरीची. सेकंदात 25 वेळा आणि दर वेळी सेकंदाचा दहा हजारावा भाग एवढाच दिवा उजळला, तर एकूण वेळेच्या 400 भागांपैकी एकच भाग तो पेटतो. तरीही नाडी मोजता येते.

आता यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेला, तेलंगणाच्या सीमेवर वसलेला झरी जामणी तालुका डोळ्यांपुढे आणावा. कापसाच्या शेतात राबणारा कोलाम बांधव, उन्हाने रापलेली त्वचा, घाम आणि क्षणभरही स्थिर नसलेला हात. त्वचेतील मेलॅनिन हिरवा प्रकाश शोषते. त्यामुळे सावळ्या मनगटावर दिवा अधिक प्रखर करावा लागतो आणि बॅटरी लवकर सरते. जिथे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, तिथे रोज चार्ज करावा लागणारा पट्टा आठवडाभरात खुंटीला लागेल. शहरात जी सोय, ती इथे अट ठरते.

हा केवळ तर्क नव्हे. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरमध्ये कृष्णवर्णीय रुग्णांची प्राणवायूची कमतरता गौरवर्णीयांच्या तुलनेत जवळपास तिप्पट वेळा निसटते, असे 2020 साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले. ज्याच्या त्वचेवर यंत्र पारखले, त्यालाच ते अधिक खरे सांगते.

आधी डॉक्टर द्या, यंत्रे मागाहून, असे कोणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे. हा दिवा हृदयविकाराचा झटका ओळखत नाही आणि लयीविषयीचा त्याचा इशाराही ईसीजीने पडताळावाच लागतो. अमेरिकेतील 4,19,297 जणांच्या, 2019 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इशारा मिळालेल्यांपैकी ज्यांची नंतर ईसीजी पट्टीने तपासणी झाली, त्यांतल्या 34 टक्क्यांतच तो विकार आढळला. म्हणून पट्टा आशाताईंच्या हाती असावा, आठवडाभर एका घरी, मग दुसऱ्या घरी फिरावा. पडताळणी प्राथमिक आरोग्य केंद्रात व्हावी आणि पुढील उपचार यवतमाळ वा सेवाग्रामच्या रुग्णालयात. ही साखळी नसेल तर पट्टा निव्वळ दागिना ठरेल.

आपल्याकडे बुद्धीची वाण नाही. पवईच्या आयआयटीत या शतकाच्या पहिल्याच दशकात हृदयाची विद्युत्‌लय नोंदवणारे ‘सिलिकॉन लॉकेट’ घडले होते. आता प्रयोगशाळेने झरीच्या शिवारापर्यंत यावे. जो संवेदक कोलाम मजुराच्या घामेजल्या मनगटावर सात दिवस टिकेल, तो देशात कुठेही टिकेल. रचनेचा आरंभ शेवटच्या माणसापासून झाला पाहिजे.